कानाशी धरलेली लोकर

आमच्या धंद्यात माणूस कमरेपर्यंत जमिनीत असतो. घोंगडी विणायचा माग खड्ड्याचा असतो. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दाबायच्या दोन पावड्या, मांडीच्या उंचीवर ताणलेले उभे धागे, आणि समोर घराचं दार. त्यामुळं सगळा जन्म मी जग पाहिलं ते उंबऱ्याच्या पातळीवरून. माणूस मला आधी पायांनी कळतो, मग तोंडानं. खोटं बोलायला आलेला माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो. मीही टाकत असेन. माझे पाय खड्ड्यात, ते कुणाला दिसले नाहीत एवढंच.

शाळेतले मास्तर म्हणाले, "दादा, दिवाळी अंकासाठी लिहा. शील, चिकाटी, चांगलं कसं जगावं, ह्यावर तुमच्यासारख्या जुन्या माणसानं लिहायला पाहिजे."

मी म्हणालो, "मी तिसरी शिकलोय. चांगलं कसं जगावं ते मला ठाऊक नाही. लोकर कुठं तुटते ते ठाऊक आहे."

"मग तेच लिहा," म्हणाले.

म्हणून लिहितो. शुद्धलेखन मास्तर बघतील. बाकी काही गोड करायचं नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

आम्ही सणगर. बापानं विणलं, आज्यानं विणलं, मी विणतो. पारनेरच्या बाजारात आमची घोंगडी चालायची. विकत घेणाऱ्याला वाटतं, मेंढीची लोकर कातरली की झाली घोंगडी. मधे बरंच काही असतं. लोकर निवडायची, पिंजायची, तिचे पेळू करायचे, चरख्यावर सूत कातायचं. मग अंगणात उभे धागे ताणायचे. ह्याला ताणा म्हणतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि कुंच्यानं ताण्याला फासायची, म्हणजे धागा पिंजारत नाही. मग मागावर चढवायचं. पुरुषानं विणायचं आणि बाईनं कातायचं, अशी आमच्यात वाटणी. लोक नाव विणणाऱ्याचं घेतात. खरी घोंगडी कातणारीच्या बोटांत असते.

माझ्या घरी कातणारी सारजा होती. हे नाव तिच्या हयातीत मी मोजून चार-पाच वेळा घेतलं असेल. आमच्यात रीत नव्हती. आता ती नाही, तर घेतो. घेतलं की घरात कुणीतरी मान वर करून बघितल्यासारखं वाटतं.

सारजा लोकर कानाशी धरायची. एवढं एकच लिहिलं आणि थांबलो तरी चालेल, पण तुम्हाला कळणार नाही, म्हणून फोड करून सांगतो. लोकरीची एक बट घ्यायची, दोन्ही टोकं दोन चिमटीत धरायची आणि कानाजवळ नेऊन हलकासा हिसका द्यायचा. चांगली लोकर घुमते, एकतारीच्या तारेसारखी. वाईट लोकर बारीक चरचरते. मेंढी उपाशी राहिली की तेवढे दिवस तिच्या अंगावरचा केस बारीक होतो. पुन्हा चारा मिळाला की पुन्हा जाड उगवतो. वरून काही दिसत नाही. पण हिसका दिला की सगळे केस त्याच एका जागी तुटतात, जिथं ती मेंढी उपाशी होती तिथं. सारजा बट कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "हिला चैतात चारा न्हवता." धनगर तोंडाकडं बघत राहायचा.

मी तिला एकदा म्हणालो, "माणसाचं ऐकू येतं का गं असं?"

"येतं की," म्हणाली. "पन मानसाला हिसका कुनी द्यायचा?"

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येत. नगरहून एक साहेब आले होते. म्हणाले, घोंगडी द्या, पण मेंढीचा वास नको. आतून हिनं सांगितलं, "सायेब, मंग चादर घ्या की. उगं मेंढीला कशाला लाजवता?" साहेब हसले आणि घोंगडीच घेऊन गेले. पुढं वर्षानं निरोप आला, आता वासाशिवाय झोप लागत नाही.

अशी चांगली वर्षं. माझ्या आठवणीत ती सगळी एकच दुपार आहे. दारातून उन्हाची पट्टी आत आलेली, तिच्यात लोकरीचे बारीक तंतू तरंगताहेत, वर जात नाहीत, खाली येत नाहीत. आतल्या सोप्यात चरख्याची घरघर, माझ्या हातातला धोटा इकडून तिकडं. ती घरघर थांबली की माझा हात आपोआप थांबायचा. कोणता महिना, कोणतं साल, काही सांगता येणार नाही. त्या दुपारीत मला अजून जाता येतं. बाहेर यायला मात्र आताशा वेळ लागतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. अर्धा तालुका खडी फोडायला, नाला-बांधाला. मेंढ्यांना पाला नाही. आमचा नेहमीचा धनगर म्हाळू, त्याचा कळप वाटेतच संपत गेला. एक दिवस तो दोन पोती लोकर घेऊन दारात उभा राहिला. त्याचे पाय बघूनच कळलं. चालून चालून टाचा फुटलेल्या, आणि मागं एकही खूर नाही.

"दादा," म्हणाला, "ही मेलेल्यांची हाय. मी लपवनार न्हाई. घ्यायची तर घ्या, न्हाईतर वढ्यात टाकतो."

मेलेल्या मेंढीची लोकर कातरत नाहीत, ओढून काढतात. तिला अंगाचं तेल नसतं. शहाणा सणगर तिला हात लावत नाही. पण घरात दुसरी लोकर नव्हती आणि माग चार महिने रिकामा होता. रिकामा माग बघणं मला जमत नाही. मी पोती आत घेतली.

सारजानं एक बट काढून कानाशी धरली. मग दुसरी. मग पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"मी न्हाई कातनार."

"अगं, दुष्काळ आहे. कोण विचारतंय?"

"कुनी इचारत न्हाई म्हनून तर कातनार न्हाई."

मी लई चिडलो. गल्लीतल्या दोन बायांना दिली आणि कातून आणली. सूत हातात घेतल्यावरच समजलं, की ह्याला जीव नाही. आता पुढं मी काय केलं ते सांगतो, कारण हे आमच्या धंद्यातल्याशिवाय कुणाला सुचणार नाही. मी खळ दाट केली. दुप्पट दाट. एकावर एक तीन हात फासले. खळ वाळली की मेलेलं सूतसुद्धा ताठ उभं राहतं. गिऱ्हाईक नवी घोंगडी हातात घेऊन वाकवून बघतं, कडक लागली की खूश होतं. कोरडी असेपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही.

चूल पेटवून मी चिंचोके शिजवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "खडी फोडनाऱ्या बायांची पोरं हेच चिंचोकं भाजून चघळत्यात. आन् तुमी त्येनं भोकं बुजवा."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं.

ती घोंगडी गेणूबानं घेतली. गेणूबा म्हणजे दोन कोसावरच्या वस्तीवरचा शेतकरी. थोडी जिरायत जमीन, दोन गायी. आमचं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या बापानंही आमच्याकडूनच घेतलेली. त्यानं घोंगडी वाकवूनही बघितली नाही. माझ्याकडं बघितलं, खांद्यावर टाकली आणि गेला.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. श्रावण सरता सरता एके सकाळी दारात गेणूबाचे पाय आले. मी ओळखले, डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे त्याच्या. गुडघ्यापर्यंत चिखल.

"दादा, हाय का?"

"ये गेणूबा. काय खबर?"

"सून बाळंत झाली. पोरगी झाली. दोगी बऱ्या हायती."

"मग गूळ आणायचास. गाठोडं कसलं आणलंस?"

"गूळ बी हाय," म्हणाला, आणि गाठोडं माझ्यापुढं सोडलं. आत घोंगडी होती. मधोमध उसवल्यासारखी, दोन बाजू नुसत्या आडव्या धाग्यांनी एकमेकींना धरून होत्या.

त्यानं सांगितलं ते असं. सुनेला पहाटे कळा लागल्या. सुईण म्हणाली, पोर आडवं आहे, पारनेरला न्या. वाटेत ओढ्याला पाणी, बैलगाडी जाईना. मग घोंगडीची दोन टोकं वाशाला बांधून झोळी केली, सुनेला आत निजवली आणि लेकानं आणि शेजाऱ्यानं खांदा दिला. ओढ्यात झोळीची खालची बाजू भिजली.

"पल्याड चढाला लागलो आन् दादा, टर्र बी न्हाई झालं बगा. आवाजच न्हाई. नुसतं उलगडाय लागलं, जसं कुनी आतनं धागं सोडवतंय. मंग मी आन् माजी मालकीन, दोगं खालनं हात घालून वाकून चाललो, सडकंपातूर. तितं मोटार गावली."

तो पुढं झुकला आणि हळू आवाजात म्हणाला,

"दादा, माज्याच हातनं काय चुकलं का? वल्ली झाल्याव झोळी करू न्हाई का?"

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. तो विचारायला आला होता. आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "ओल्या घोंगडीवर भार टाकायचा नसतो, गेणूबा."

"व्हय," म्हणाला. मान हलवली. "तसंच आसल. आमाला कुटं कळतंय."

आत चरखा थांबलेला होता. सारजा बाहेर आली, तिनं त्याला पाणी दिलं, गूळ घेतला, पोरगी कुणासारखी दिसते ते विचारलं. तो गेल्यावर माझ्यासमोर जमिनीवर बसली, म्हणजे आमचे डोळे एका उंचीवर आले.

"वल्ल्या घोंगडीवर भार टाकायचा न्हाई व्हय? मंग पावसाळ्यात लोकं काय वाळत घालायला घेत्यात?"

मी धोटा उचलला.

"मी दुसरी कातते. तुमी इना. तुमीच नेऊन द्या. आन् तोंडानं सांगा."

"घोंगडी देतोय ना बदली? मग सांगायचं कशाला?"

"घोंगडी त्येच्याकडं जाईल. खोटं तुमच्यापाशीच ऱ्हाईल की."

पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. बायको भांडली तर नवऱ्याला सुटका असते. ती भांडली नाही, कातायला बसली.

म्हाळूजवळ थोड्या मेंढ्या वाचल्या होत्या. कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती सगळ्यात मऊ. पोळ्यानंतर त्यानं थोडी थोडी जावळ आणली आणि उभ्या धाग्यासाठी मोठ्या मेंढ्यांची निवडक लोकर. सारजानं एकेक बट कानाशी धरली. अर्ध्याहून जास्त बाजूला काढली. म्हाळू म्हणाला, "वैनी, समदंच फेकनार का?" ती म्हणाली, "ह्या घोंगडीत उपाशी केस येक बी नगं."

तिला तेव्हाच खोकला होता. लोकर पिंजणाऱ्यांना असतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. हेही लिहून ठेवतो. ताण्याचं सूत दिवाळीपर्यंत झालं. असं सूत मी उभ्या जन्मात हाताळलं नव्हतं. एकसारखं, जसं एकाच लांब श्वासात काढलंय. मग थंडी पडली आणि तिच्या छातीतला कफ सुटेना. पारनेरच्या डॉक्टरांनी औषध दिलं. चरखा सोडा म्हणाले. ती "व्हय" म्हणाली आणि घरी आल्यावर चरख्याशी बसली.

आडवं सूत थोडंच राहिलं होतं. तिला उजव्या हातानं चाक फिरवेना. मग मी तिच्यामागं बसलो, तिची पाठ माझ्या छातीला टेकवली आणि चाक मी फिरवू लागलो, धागा ती ओढू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एका चरख्यावर पहिल्यांदा बसलो. मला चाकाची गती कळेना. ती म्हणायची, "हळू. आता हळू. अवं, बैल हाकताय व्हय?" आणि हसायची, आणि हसण्याचा खोकला व्हायचा, आणि धागा तिथं जाड यायचा. त्या दुपारी उन्हाची पट्टी आमच्या गुडघ्यांवर होती. तंतू तरंगत होते. मला वाटलं, हे असंच चालत राहील. झोपेत असल्यासारखं वाटत होतं, आणि जागं व्हायची घाई नव्हती.

शेवटचा पेळू संपला तेव्हा तिनं धागा तोडला, बोटावर गुंडाळला आणि म्हणाली, "झालं. आता तुमचं."

पौषात ती गेली.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी ताणा अंगणात ताणला. खळ पातळ केली, अगदी पातळ, एकच हात. ह्या सुताला आधाराची गरज नव्हती. मग खड्ड्यात उतरलो आणि विणायला बसलो. चार दिवसांचं काम मी महिनाभर पुरवलं. दिवसाला चार बोटं विणायचो आणि थांबायचो. धोटा टाकल्यावर आतून घरघर यायची वाट बघायचो. शेवटी तिचं ते चरख्यावर मिळून काढलेलं सूत लागलं. जाड, बारीक, पुन्हा जाड. चांगला सणगर असं सूत बाजूला टाकतो. मी विणलं. टोकाला वीतभर पट्टा उंचसखल आला. त्यावरून हात फिरवला की तिचा खोकला कुठं आला ते कळायचं, ती हसली कुठं ते कळायचं.

घोंगडी उतरवली आणि मी ठरवलं, ही द्यायची नाही.

गेणूबाला दुसरी देईन. दहा देईन. ही माझी. तिच्या हातचं घरात दुसरं काय राहिलंय? शिमगा आला, गेला. घोंगडी पेटीत होती. एका दुपारी ती काढून अंगावर घेतली आणि मागाशेजारीच आडवा झालो. डोळा लागला. दारात पाय दिसले. तिचेच, जोडवी घासून पातळ झालेली, टाचेला लोकरीचे तंतू चिकटलेले. मी म्हणालो, आत ये. पाय हलले नाहीत. बोटं घराकडं नव्हती, वाटेकडं होती, कुठंतरी निघालेल्या माणसासारखी. मी उठलो तेव्हा दारात नुसतं ऊन. मी तोंडावर पाणी मारलं, घोंगडीची घडी केली, डोक्याला पटका गुंडाळला आणि गेणूबाच्या वस्तीची वाट धरली. मला स्वप्नं कळत नाहीत. पण पायांचं मला कळतं.

गेणूबा अंगणात दाव्याला पीळ देत होता. मला बघून उठला. "दादा! आवो, सांगावा धाडायचा. वैनीचं कळलं, आमी येऊन गेलो, तुमी ध्येनात न्हवता."

मी बसलो नाही. बसलो असतो तर तोंड उघडलं नसतं. घोंगडी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "गेणूबा, ती पहिली घोंगडी मेलेल्या मेंढीच्या लोकरीची होती. मला ठाऊक होतं. खळ दाट लावून विकली. तुझी काही चूक नव्हती. ओल्या घोंगडीवर भार चालतो. मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या दादा. देवमाणूस आहे गेणूबा. तो म्हणाला,

"थांबा. हितंच थांबा." आणि घराकडं तोंड करून केवढ्यानं तरी ओरडला, "आगं ये! भाईर ये! हे दादा काय म्हनत्यात ऐक!"

त्याची बायको कोंडाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"सांगा दादा," म्हणाला. "हिच्याम्होरं सांगा. आठ म्हैनं झालं, रोज बोलनी खातोय मी. तुमच्या अकलंपायी सून मेली आसती म्हनती. भाकरी वाडताना म्हनती. गाय पिळताना म्हनती."

मी पुन्हा सांगितलं. शब्द तेच, पण ह्या वेळी जड गेले.

कोंडाबाईनं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "सुनंला बी सांगा. झोळीत ती हुती."

सून आली, कडेवर पोरगी. तिसऱ्यांदा सांगितलं. तिला सांगताना मला तिच्या तोंडाकडं बघवेना, मी पायांकडं बघितलं. कोवळे पाय, एका पायात काळा दोरा. ते पाय त्या दिवशी अधांतरी लोंबकळत असतील. तिनं पोरीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, एवढंच.

गेणूबा म्हणाला, "मी तुमच्या तोंडाकडं बगून घेतली हुती, दादा. घोंगडीकडं बगितलंच न्हवतं."



कोंडाबाईनं नवी घोंगडी अंगणात पसरली. हात फिरवला. टोकाच्या पट्ट्यावर तिचा हात थांबला. "हितं जाडंभरडं का?"

"तिथं ती आजारी होती," मी म्हणालो. "चाक मी फिरवत होतो."

ती घरात गेली आणि पाण्याची घागर घेऊन आली. मला काय होतंय ते कळायच्या आत तिनं त्या पट्ट्यावरच पाणी ओतलं. सगळी घागर. काळी लोकर पाणी पिऊन चमकायला लागली. मग काठाला धरून तिनं नवऱ्याला हाक मारली, "धरा तिकडनं. वडा." दोघं दोन काठांना, आणि मधे सारजाचं शेवटचं सूत. माझ्या तोंडून "नका" निघणार होतं. मी पटक्याचं टोक तोंडात धरलं. त्यांनी ओढलं, मागं रेलून, टाचा रोवून ओढलं. मग पीळ घातला, दाव्याला घालतात तसा, आणि पुन्हा ओढलं. पाणी निथळलं.

एक धागा हलला नाही.

ओल्या लोकरीचा वास अंगणभर झाला. आमच्या घराचा वास. मेंढीचा, चिंचोक्याचा, आणि पन्नास वर्षांच्या दुपारींचा. पोरगी कडेवरून खाली झेपावली आणि ओल्या घोंगडीवर दोन्ही हात आपटू लागली.

कोंडाबाईनं पदराला हात पुसले. "हां," म्हणाली. "ही घोंगडी. आता बसा दादा, च्या टाकते." आणि आत जाता जाता, मागं न बघता, "पोरीसाटी येक बारकी पायजे. तुमच्याच हातची."

मी म्हणालो, "कातणारी गेली, बाई."

"मंग तुमी काता की," म्हणाली. "हात हायती न्हवं?"

घरी आलो तो माग तसाच होता. आता आमच्या धंद्यातली एक शेवटची गोष्ट सांगतो. घोंगडी उतरवताना सगळा ताणा काढत नाहीत. उभ्या धाग्यांची हातभर टोकं मागात, फणीच्या दातांत तशीच ठेवायची असतात. नवा ताणा आला की एकेक नवा धागा जुन्या टोकाला गाठ मारून बांधायचा आणि पुढं ओढून घ्यायचा. म्हणजे सगळं पुन्हा ओवावं लागत नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून ह्या मागातली टोकं कधी पूर्ण निघालेली नाहीत. प्रत्येक घोंगडीला मागचीचं टोक बांधलेलं.

आता त्या मागात सारजाच्या ताण्याची टोकं होती. चारशेच्या आसपास. नवा ताणा बांधला की ती पुढं सरकणार, आणि नवी घोंगडी उतरली की कापली जाणार. म्हणून मी सहा महिने मागाला हात लावला नाही. कधी कधी नुसता खड्ड्यात जाऊन बसायचो आणि टोकांवरून हात फिरवायचो.

पण पावसाळाभर मी तिच्या चरख्यावर कातायला शिकलो. पासष्ट वर्षांचा पुरुष चरखा घेऊन बसलेला बघायला गल्लीतल्या बाया दारात यायच्या. "दादा, लुगडं बी नेसा की आता," एक म्हणाली. नेसेन म्हणालो, सूत नीट येणार असेल तर. पहिला महिना नुसती तुटातूट. म्हाळूनं आणलेली प्रत्येक बट मी कानाशी धरली. ऐकू येत नव्हतं. आधी वाटलं, कान म्हातारे झाले. मग श्रावणात एक दिवस एक बट घुमली. मी डोळे मिटले तसेच ठेवले. बराच वेळ.

आज भाद्रपदातली दुपार आहे. हे लिहायला बसायच्या आधी मी खड्ड्यात उतरलो आणि पहिला धागा बांधला. डाव्या हातात तिचं टोक, उजव्या हातात माझं. तिचं एकसारखं, माझं गाठाळ. बोटं ओली करून गाठ मारली, ओढून बघितली. मग दुसरा. दुपारपर्यंत चाळीस झाले. उन्हाची पट्टी मागावर आली होती, तंतू तरंगत होते. मी थांबून ऐकलं. घरघर नव्हती. एक्केचाळिसावा बांधला.

कोंडाबाईला निरोप धाडलाय, की सूत माझं आहे, जाडंभरडं असेल, आणि तिनं ते बघून घ्यावं. तिचा उलट निरोप आला, "बगीन की. पानी वतून."

ओतू दे.